खेळले की खराब होते

तुमच्या तालुक्याला इनडोअर स्टेडियम मंजूर झालं असेल तर अभिनंदन. आता ते खेळाडूंपासून वाचवायचं कसं, एवढंच शिकायचं राहिलं. हे ज्ञान मला परवाच फुकटात मिळालं. पुतणीची जिल्ह्याच्या शालेय बॅडमिंटनसाठी निवड झाली, म्हणून सरावाला तिला तालुक्याच्या संकुलात घेऊन गेलो. दाराला कुलूप. चावीवाल्या साहेबांना फोन लावला तर म्हणाले, "लाकडी कोर्ट हाये भाऊ. पोट्टे खेळले की खराब होते ना!"

काय बोलले! तेव्हापासून मी त्यांचा शिष्य आहे. त्यांच्याच कृपेने पुढच्या चार गोष्टी सांगतो.

जागा एसटी थांबत नाही अशी निवडा. निम्मं काम तिथंच होते.

बांधकामाची घाई करू नका. कॅनडातल्या टोरोंटोवाल्यांनी केली होती. १९३१ साली, ऐन जागतिक मंदीत, कॉन स्माइथ नावाच्या गृहस्थाने मेपल लीफ गार्डन्स हे आइस हॉकीचं बंदिस्त स्टेडियम बांधायला काढलं. पैसा कमी पडला, तर कामगारांनी मजुरीचा काही भाग रोखीऐवजी शेअरमध्ये घेतला. जूनमध्ये काम सुरू आणि १२ नोव्हेंबरला पहिला सामना! आपल्याकडे तेवढ्या वेळात निविदेला पहिली मुदतवाढ मिळते. आणि एवढं करून तो पहिला सामना ते शिकागोकडून हरले. बघा, घाईचं फळ.

पाटी संगमरवरी करा. तिच्यावर नावं भरपूर आणि आत ट्यूबलाइट कमी, हे प्रमाण चुकू देऊ नका.

विजेच्या बिलाचा विचार उद्घाटनाआधी चुकूनही करायचा नाही. यात आपले गुरू डेहराडूनला. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथं आंतरराष्ट्रीय मापाची, ६० मीटर बाय ३० मीटरची बर्फाची रिंक बांधली. काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं, त्यातून सतत फिरणारं गार द्रावण आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ. मशीन थांबलं की बर्फाचं पाणी. पुढच्या वर्षी तिथं आइस हॉकीची एक आशियाई स्पर्धाही झाली. मग विजेचा खर्च डोळ्यांत आला आणि लागलं कुलूप. ते निघून, दुरुस्ती होऊन तिथं पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. मधली सगळी वर्षं लडाखची पोरं, ज्यांच्या जिवावर आपला आइस हॉकीचा संघ उभा राहतो, हिवाळ्यात तळी गोठायची वाट पाहत होती. दीड-दोन महिने बर्फ, तेवढाच सराव. त्यांना हरवणाऱ्या संघांत वाळवंटातले कुवेत आणि अमिराती. तिथं रिंक बारा महिने चालते!

तरी डेहराडूनवाल्यांना सांगायला कारण होतं. बर्फ जमवणं खर्चाचं काम आहे, मान्य. आपल्या कोर्टाला काय जमवायचं आहे? मे महिन्यात पारा ४६ वर गेला तरी लाकूड वितळत नाही. चार दिवे लागतात आणि एक झाडू लागतो. तेही बिल भरलं नाही म्हणून मीटर कापून नेलं आणि वरून कोणी विचारलं तर म्हणायचं, इकडच्या पोरांना खेळायची आवडच नाही. आवड कुठून येईल? कुलपाकडे पाहून? पुतणी घरामागच्या खळ्यात दोन बांबूंना दोरी बांधून खेळते. वारा सुटला की शटल तुरीच्या गंजीवर. निवड त्यावर झाली तिची, तुमच्या संकुलावर नाही.

हां, चिडायचं नाही. सल्ला द्यायचा आहे.

स्टेडियम रिकामं ठेवायचं नसते. मेपल लीफ गार्डन्सही १९९९ मध्ये संघ सोडून गेल्यावर ओस पडलं होतं. आता खाली किराण्याचं मोठं दुकान आहे. मैदानाचा मध्य जिथं होता तिथं फरशीवर लाल ठिपका ठेवलाय. पण त्या लोकांना धंदा कळत नाही. वरचा मजला विद्यापीठाच्या पोरांना देऊन तिथं पुन्हा बर्फ जमवला. आपण पुढारलेले, आपल्या इथं खाली पंगत आणि गॅलरीत आहेराचं टेबल. मी खिडकीच्या फुटक्या काचेतून पाहिलं. सर्व्हिस लाइनवर शेगडीचा काळा गोल डाग, त्याच्या बाजूला सांडलेल्या तेलाचा ओघळ, आणि बेसलाइनवर मंडपवाल्याच्या खुर्च्यांची चळत. छत गळते तिथं फळ्या फुगून उभ्या झाल्या आहेत.

पोट्टे खेळले की खराब होते म्हणे! साहेब, शेगडी पोट्ट्यांनी आणली होती का? रबरी तळव्याचे बूट नसले तर कोर्टावर पाय ठेवू देत नाही म्हणता, आणि वऱ्हाडी चपला घालून नाचले तेव्हा कुठं होता तुम्ही? पहिल्या पंगतीला बसला होता. चावी काय तुमच्या बापाची आहे? संध्याकाळी दोन तास दार उघडा, दिवे लावा, छताचे पत्रे बदला. नाही जमत तर खुर्ची सोडा.

आणि तुम्ही, वाचून माना डोलावणारे. पोराच्या लग्नाला हॉल स्वस्तात मिळते म्हणून त्याच साहेबाच्या घरी पेढे घेऊन कोण गेलं होतं?