कंटेनर समोर उभा होता, तुम्ही रजिस्टर बघत बसलात

आज परत कस्टम्सचं पत्र आलं. चौथं. एईओ टी-टू, म्हणजे विश्वासू व्यापारी म्हणून कस्टम्स देतं ती मान्यता, तिच्या अर्जात त्रुटी, पूर्तता करा. त्रुटी काय, तर सील रजिस्टरच्या दोन पानांवर वेळेपुढे सकाळ की रात्र ते लिहिलेलं नाही. नुसतंच ९.४०.

अहो, आमचं गेट संध्याकाळी सातला बंद होतं. हे त्याच अर्जात लिहून दिलंय, पोच आहे माझ्याकडे. मग रात्री ९.४० ला इथे गोव्यात, कुंडईच्या कारखान्यात मी कुठला कंटेनर भरणार? वरच्या ओळीत ९.१५, खालच्या ओळीत ११.०५, शेजारी ड्रायव्हरची सही, गाडीचा नंबर, सीलचा नंबर. एवढं सगळं दिसलं आणि त्यातून सकाळ आहे हे कळलं नाही? ह्या एका शब्दासाठी अर्ज परत मागे! दुपारी डबा उघडलाच नाही मी.

आणि पाहणीचा तो दिवस तर डोक्यातून जातच नाही. त्या दिवशी मुद्दाम काजूगराचा कंटेनर लावून घेतला होता. म्हटलं, कस्टम्सच्या साहेबांना काम प्रत्यक्ष दाखवू. आमचे गेटवरचे मामा साठीचे आहेत. समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारं आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा, सातही जागा ते हातोडीनं ठोकून बघतात. आवाज पोकळ आला की मला हाक. मग आत शिरून दार ओढून घेतात आणि काळोखात गप्प उभे राहतात. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत. दाराला बोल्ट सील लागलं की नंबर मोठ्यानं वाचतात, ओढून बघतात, पिळून बघतात. हाताला घट्टे पडलेत त्यांच्या.

साहेब चार तास होते. कंटेनर ऑफिसच्या दारापासून शंभर पावलांवर. मी तीनदा म्हटलं, चला, बघून घ्या. 'रजिस्टर दाखवा.' खुर्चीतून उठले ते थेट गाडीत बसायला.

मी एईओ योजनेच्या विरोधात नाही, हे आधी समजून घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला कंटेनरमधून जवळजवळ ३००० किलो हेरॉइन पकडलं. कागदावर ती टाल्कची पावडर होती. कागदावर! म्हणूनच तर कंटेनर ठोकून बघायचा असतो ना?

योजना ऐच्छिक आहे, कोणी जबरदस्ती करत नाही, हे मला ऐकवू नका. आमचं अमेरिकेतलं गिऱ्हाईक सी-टीपॅटमध्ये, म्हणजे तिकडच्या कस्टम्सच्या अशाच सुरक्षा योजनेत आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर त्याच नोव्हेंबरात तिकडे ते सुरू झालं, आणि सभासदाला आपल्या पुरवठादारांची सुरक्षा तपासावीच लागते. म्हणून दरवर्षी आम्हाला लांबलचक प्रश्नावली. २०२१ मध्ये भारत-अमेरिका परस्पर मान्यतेचा करार झाला, म्हणजे त्यांचं सी-टीपॅट आपण मानायचं आणि आपलं एईओ त्यांनी, तेव्हापासून प्रत्येक मेलच्या शेवटी एकच प्रश्न, एईओचं काय झालं? नाही म्हणून दाखवा.

कन्सल्टंटनं पैसे मोजून घेतले आणि सुरक्षा आराखडा दिला तो दुसऱ्याचा उतरवलेला. त्यात 'समुद्राकडील गेट' होतं. कुंडईला समुद्र! तो मी रविवारी बसून पुन्हा पहिल्यापासून लिहिला. ट्रान्सपोर्टरच्या हमीपत्रासाठी दीड महिना फोन केले. पावसाळ्यात वीज जाते, कॅमेऱ्याच्या चित्रणात खंड पडतो, त्याचा खुलासा वेगळा. न्हावा-शेव्यापर्यंत गाडी कुठे कुठे थांबणार ते आधी लिहून द्या म्हणे. मुंबई-गोवा महामार्ग दहा वर्षांहून जास्त काळ होतोच आहे, ड्रायव्हर बिचारा खड्डा चुकवून जिथे जागा मिळेल तिथे थांबतो. ते थांबे मी आधीच कसे लिहू? आणि ज्या दिवशी पूर्तता अपलोड करायची त्याच दिवशी साइट बंद. हे तर ठरलेलंच.

ह्यात सगळ्यात वाईट काय झालं सांगतो. पत्राचं मामांना मी कळू दिलं नव्हतं. पण ऑफिसातून कोणीतरी बोललंच. संध्याकाळी गेट लावायच्या आधी ते माझ्या टेबलापाशी आले, टोपी हातात. 'बाब, म्हजें कितें चुकलें?'

माझा राग तिथेच गळून पडला. घसाच दाटला. काही चुकलं नाही मामा, म्हटलं, तुमच्यामुळेच आजवर आमच्या एकाही कंटेनरची तक्रार आली नाही.

ते मान हलवून गेले. थोड्या वेळानं निघताना बघितलं, तर दिव्याखाली पट्टी धरून बसले होते. उद्याच्या पानावर वेळेच्या शेजारी नवा रकाना आखलेला, आणि पहिल्या ओळीत आत्ताच 'सकाळ' लिहून ठेवलेलं.