गर्भपाताच्या फाइलमध्ये वडिलांच्या कामाचीही नोंद हवी

म्हापशाला माझ्या थोरल्या चुलतभावाचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ओतायचे, ब्रशने चेन आणि सुटे भाग त्यात घासायचे आणि दिवस संपला की त्याच पेट्रोलने कोपरापर्यंत हात धुवायचे, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. साबणाने ग्रीस निघत नाही, असे तो म्हणतो, आणि ते खरेही आहे.

गेल्या दोन वर्षांत वहिनीचे दोन गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडले. दवाखान्यात तिची थायरॉइड, साखर, वजन, वय अशी सगळी चौकशी झाली. घरी तर तिने पपई खाल्ली का, इथपर्यंत मजल गेली. दादा शेजारीच उभा होता, नखांत काळे ग्रीस घेऊन. पण तू काय काम करतोस, हे त्याला कोणीच विचारले नाही.

पेट्रोलमुळेच हे घडले, असा माझा दावा नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष आढळतो आणि गुणसूत्र कमी-जास्त होण्याचा दोष बहुतेकदा स्त्रीबीजातून येतो. मात्र गुणसूत्र तुटून भलत्याच जागी जोडले जाण्याचे जे दोष नव्याने उद्भवतात, त्यांत पित्याकडून येणाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि त्यातल्या शेवटच्या टप्प्यात डीएनए इतका घट्ट गुंडाळला जातो की पेशीची दुरुस्तीयंत्रणा जवळजवळ बंद पडते. त्या काळात रसायनाने केलेली इजा तशीच साठून राहते आणि ती दुरुस्त करण्याचे काम फलनानंतर स्त्रीबीजावर येऊन पडते. फ्रांचेस्को मार्केटी, अँड्र्यू वायरोबेक आणि सहकारी संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नर उंदरांना मेल्फलान हे कर्करोगावरचे औषध दिले होते. शुक्राणूंमधून आलेली इजा स्त्रीबीजाने दुरुस्त करायला घेतली, पण ती दुरुस्तीच चुकली आणि गर्भाच्या पहिल्या पेशीतच गुणसूत्रे विस्कटली. म्हणजे आईचे बीज बापाची इजा निस्तरत असते आणि गर्भ पडला की दोष मात्र तिच्याच पदरात पडतो. मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

माणसांवरचा पुरावाही आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन हे घातक रसायन असते, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 1 टक्का, आणि ते श्वासावाटे तसेच त्वचेतूनही शरीरात जाते. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) इतकी बेंझीनची मर्यादा आहे. तिच्या आसपास बेंझीन असलेल्या चिनी कारखान्यांतील पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये गुणसूत्रे कमी-जास्त असण्याचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 87 धोकादायक कामांवर स्त्रिया आणि मुलांना मनाई करण्याची तरतूद करत होते. बाप होऊ घातलेल्या पुरुषाचा विचार त्यात वेगळा दिसत नव्हता. शिवाय दोन माणसांच्या गॅरेजपर्यंत तो कायदा पोचत होता तरी कुठे?

पुढच्या तपासणीला दादा स्वतःच आपले काम डॉक्टरांना सांगणार आहे. त्याने हातमोजे आणले आहेत आणि पेट्रोलचा कॅन आता गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवतो. वहिनीच्या फाइलवर पतीचे नाव आणि फोन नंबर एवढेच रकाने आहेत; त्यांच्याखाली ‘गेल्या तीन महिन्यांतले काम आणि हाताळलेली रसायने’ असा आणखी एक रकाना हवा, एवढीच गोव्यातल्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे.