‘नोटीस न देता उठा’ या सल्ल्याबद्दल

‘कंपनी काढताना विचारत नाही, मग आपण नोटीस कशाला द्यायची? राजीनामा टाका आणि उठा’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. परवा तो माझ्या भाचीने पाठवला आणि खाली ‘मामा, सोमवारी हेच करते’ असे लिहिले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कंपनीवर नोटिशीचे बंधनच नसते, हा पहिला दावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ सालच्या १५८ क्रमांकाच्या करारातील कलम ११ सांगते की, गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडल्यास, कामावरून काढल्या जाणाऱ्याला वाजवी मुदतीची नोटीस किंवा तिच्याऐवजी भरपाई मिळाली पाहिजे. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही, आणि अमेरिकेत खासगी नोकरीतल्या बहुतेकांवर नोटिशीची कायदेशीर सक्ती नाही, एवढे मान्य करावे लागते. परंतु ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार महिनाभर नोकरी झालेल्याला किमान आठवड्याची नोटीस द्यावीच लागते. एका देशाची रीत सगळ्यांच्या गळ्यात कशी मारता येईल?

‘तुमच्या जाण्याने कुणाचे काही अडत नाही’ हे वाक्य मात्र मला अत्यंत घातक वाटते. माझ्या जुन्या कचेरीत पगारपत्रक करणारा सहकारी २७ तारखेला दुपारी जेवायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. त्याच्या फायलीचा पासवर्ड कुणालाही ठाऊक नव्हता. टेबलाच्या खणात पेन्सिलीने लिहिलेल्या रजांच्या चिठ्ठ्या सापडल्या, त्यांवरून आम्ही दोघांनी दोन रात्री जागून हिशेब जुळवला. मालकाचे काहीही अडले नाही. पगार रखडला तो पहारेकऱ्याचा आणि सफाई करणाऱ्या बाईंचा, ज्या रोज दाराशी येऊन ‘आज होईल का?’ एवढेच विचारत.

नोटीस देताच त्याच दिवशी बाहेर काढतात, हे काही ठिकाणी खरे आहे. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि स्वतःची कागदपत्रे आधीच घरी आणून ठेवावीत. छळ होत असेल, पगार थकला असेल किंवा जिवाला धोका असेल, तर एक दिवसही थांबू नये, त्याबद्दल माझा वाद नाही.

भाचीचे यातले काहीच नव्हते, तिला फक्त दुसरी नोकरी मिळाली होती. मी तिला नेमणूकपत्र काढायला लावले. तिसऱ्या पानावर दोन्ही बाजूंना सारखीच, एक महिन्याची मुदत लिहिलेली होती आणि त्याखाली तिचीच सही होती.