आईच्या गाडीची अँटेना कुणी बंद केली ते मला माहितीये

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले तरी माझं डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय. घरात बोलले तर "अगं सणासुदीचं कशाला वाढवतेस, गेमच तर आहे" असं ऐकायला मिळतं. गेमच तर आहे. हे वाक्य आता कुणी परत माझ्यासमोर म्हटलं ना तर मी खरंच उठून जाईन.

दादानं दोन वर्षांपूर्वी स्विच (टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल) आणला आणि सोबत मारिओ कार्ट ८ डिलक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, छोट्या छोट्या गाड्यांची रेस असते, एका टीव्हीवर स्क्रीनचे चार तुकडे होतात आणि चौघं जण एकाच वेळी खेळतात, बाकीचे आठ कॉम्प्युटरचे, एकूण बारा गाड्या. आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की नऊ ते साडेनऊ हीच रेस असते. मी, दादा, त्याची सात वर्षांची मुलगी आणि आमची आई. हो, आई. वय वर्षं सहासष्ट. आधी बघत बसायची, मग एक दिवस नातीनं हातात जॉयकॉन, म्हणजे त्या स्विचचा छोटा कंट्रोलर, कोंबला आणि तेव्हापासून ताटं उचलली की तीच विचारते, "लावायचं का रे ते?" बाबा गेल्यापासून आईनं स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि ही बाई रोज रात्री रेस मागत होती. हे ज्याला कळत नाही त्यानं पुढचं वाचूच नये.

आई डाँकी काँग घेते, म्हणजे गाडी चालवणारा तो गोरिल्ला. त्याला ती मारुतीराया म्हणते आणि सुरू करायच्या आधी खरंच हात जोडते. जॉयकॉन आडवा धरून स्टेअरिंगसारखा वळवते, टिल्ट कंट्रोल चालू असतो ना, मग वळण आलं की स्वतः पण अख्खी कलंडते. आणि तिला ऑटो अ‍ॅक्सलरेट लावून दिलंय, म्हणजे बटण दाबून ठेवावं लागत नाही, गाडी आपोआप पळते, आणि स्मार्ट स्टेअरिंग, म्हणजे गाडी कडेवरून खाली जायला लागली की गेम स्वतःच तिला आत ओढतो. हे चालू असलं की गाडीच्या मागे एक बारीकशी अँटेना दिसते. ही अँटेना लक्षात ठेवा.

यात कसली फसवणूक नाही, हे गेम बनवणाऱ्यांनीच दिलंय, आणि ज्याच्याकडे ते चालू आहे त्याला तोटे पण आहेत, काही शॉर्टकटला जाताच येत नाही, वळणावर ड्रिफ्ट करून, म्हणजे गाडी घसरवत नेऊन, मिळणारा सगळ्यात मोठा, गुलाबी ठिणग्यांचा बूस्ट मिळत नाही. हिशोब बरोबर ठेवलाय त्यांनी. आणि आपल्याकडे हे नवीन आहे का? कच्चं लिंबू माहीत नाही का कुणाला? लपंडाव असो, डबा ऐसपैस असो, छोट्यांवर राज्य येत नाही, ते आउट होत नाहीत, पण ते खेळात असतात. कुणी त्यांना "तू घरी जा" म्हणत नाही. स्मार्ट स्टेअरिंग म्हणजे कच्चं लिंबूच आहे, दुसरं काही नाही.

तर भाऊबीजेला मामा-मामी आले, सोबत आमचा मामेभाऊ. वय एकोणतीस, स्वतःला गेमर म्हणवतो. आईचा लाडका भाचा, त्याच्यासाठी तिनं दोन दिवस आधीपासून अनारसे करून ठेवले होते. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि नातीनं उड्या मारत टीव्ही लावला. आम्हाला सगळ्यांना वाटलं मजा येईल. आमच्या चौघांत तो पाचवा, म्हणून मी बाहेर बसले, दर रेसला एकानं उठायचं असं ठरलं.

पहिल्याच रेसला सुरू झाला. "आत्या डाँकी काँग काय घेतेस, हेवी कॅरेक्टर, अ‍ॅक्सलरेशन नाही त्याला, योशी घे, टेडी बग्गी घे, रोलर टायर लाव." अरे तिला टायर कुठले हे कशाला सांगतोयस, तिला तिचा मारुती हवाय! तिनं बिचारीनं ऐकलं, योशी घेतला, आणि अख्ख्या रेसमध्ये चार तुकड्यांत आपला तुकडा कुठला हेच तिला कळेना कारण नात पण योशीच घेते. रंग वेगळा असतो ठीक आहे, पण एवढ्याशा चौकोनात तिला कसं दिसणार.

तरी मी गप्प बसले. मग दुसऱ्या रेसला काय झालं, हा पठ्ठ्या पहिल्या नंबरवर, शेवटची फेरी, फिनिश लाइन समोर, आणि मागून आमच्या पोरीला मिळालं निळं कासव. निळं कासव म्हणजे जो पहिला आहे त्याला शोधत जाऊन उडवतं. उडवलं. तो चौथा आला. पोरगी सोफ्यावर उभी राहून नाचतेय, आई टाळ्या वाजवतेय, दादा हसतोय, आणि हा एकोणतीस वर्षांचा माणूस तोंड पाडून बसला. "हा काय गेम आहे, सगळं लक आहे, स्किलला किंमतच नाही." आणि हा उठला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्यानं आयटम, म्हणजे वाटेतल्या पेट्यांतून मिळणारी कासवं-केळी, बंद केले. कुणाला विचारलं नाही.

मला हे लोक समजतच नाहीत. अरे लक नाहीये ते! पेटीतून काय निघणार हे तुम्ही पहिल्यापासून किती मागे आहात त्यावर ठरतं. पुढे असलात तर नाणं नाहीतर केळं, मागे असलात तर स्टार, बुलेट बिल, वीज असलं जोरदार काहीतरी. मुद्दाम केलंय ते. आणि निळं कासव काही काल आलेलं नाही, १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ पासून आहे, आणि त्याला तोड पण आहे, सुपर हॉर्न हाताशी ठेवला असेल तर कासव फोडता येतं. डिलक्समध्ये दोन दोन आयटम जवळ ठेवता येतात. आमच्या पोरीला हे माहितीये, ती आजीला रोज सांगते, "आजी केळं लगेच टाकू नकोस, एसएल दाबून धर, मागे राहू दे, लाल कासव आलं तर त्याच्यावर आपटेल." आई धरून बसते केळं अख्खी फेरी. हे स्किल नाही? सहासष्टाव्या वर्षी आडव्या जॉयकॉनवरचं बोटाएवढं बटण दाबून धरत वळण घेणं हे स्किल नाही, आणि तू रोज रात्री दोन वाजेपर्यंत ऑनलाइन खेळून तयार झालेला अंगठा घेऊन सात वर्षांच्या पोरीला हरवतोस ते स्किल?

आणि हा प्रकार फक्त आमच्याकडेच नाही. मैत्रिणींना सांगितलं तर प्रत्येकीकडे असा एकेक आहे, कुणाचा दीर, कुणाचा नवरा. चार लोक हसत खेळत बसलेले असतात, हा येतो आणि अर्ध्या तासात सगळ्याची परीक्षा करून टाकतो.

मग पुढे ऐका. आयटम बंद, स्पीड २०० सीसी, म्हणजे सगळ्यात जास्त. २०० सीसीला ब्रेक मारून ड्रिफ्ट करावं लागतं, आम्हाला दादाला आणि मलाही नीट जमत नाही, आई आणि पोरगी भिंतीवर भिंत. हा एकटा पुढे. दोन रेस झाल्या आणि मग म्हणतो, "चौघांमध्ये फ्रेम रेट पडतो, दोघं दोघं खेळूया, म्हणजे स्मूद होईल." बरोबर आहे त्याचं, तिघं-चौघं असले की गेम सेकंदाला साठ फ्रेमचा तीसवर येतो. पण म्हणून? आमच्यातल्या कुणाला आजपर्यंत ते दिसलं पण नव्हतं. त्याच्या डोळ्यांना स्मूद दिसावं म्हणून दोन माणसांनी उठायचं, आणि उठायचं कुणी, तर आई आणि पोरीनं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच टीव्हीसमोरून. पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आत्या, माझा नंबर कधी?" चाळीस मिनिटं तिचा नंबर आला नाही. मी शेवटी मोठ्यानं बोलले तेव्हा मामी म्हणाल्या, "अगं त्याला आवड आहे ना, पाहुणा आहे दोन दिवस, खेळू दे." पाहुणा आहे म्हणून ताटात पहिला अनारसा देऊ, सात वर्षांच्या पोरीचा नंबर कसा देऊ?

आणि हा मारिओ कार्ट आहे हो. पहिला सुपर मारिओ कार्ट १९९२ ला आला, तो सुरूच झाला या विचारातून की त्यांचीच आधीची एफ-झीरो एकट्यानं खेळायची रेस होती, आता दोघांना एकत्र खेळता येईल अशी काहीतरी करून बघू. बाजूला बसलेल्या माणसासोबत खेळायचं म्हणून हा गेम जन्माला आला आणि आमचा हा बाजूच्या माणसाला उठवतोय. तुला एकट्यालाच पळायचंय ना, टाइम ट्रायल आहे त्यात, कुणी अडवलंय, रात्रभर पळ.

आता अँटेनाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून हसण्याचा आवाज, मला बरं वाटलं, म्हटलं चला, घेतलं वाटतं सगळ्यांना. बाहेर येऊन बघते तर रेनबो रोड हा ट्रॅक लावलाय. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, कडेला बहुतेक ठिकाणी कठडाच नाही, खाली अंतराळ. आईच्या हातात जॉयकॉन, आणि गाडी सुसाट सरळ जाऊन खाली. ढगातला तो लकिटू उचलून आणतो, ठेवतो, परत खाली. परत आणतो, परत खाली. आई घाबरीघुबरी होऊन अख्खी उजवीकडे कलंडतेय, "अरे वळत का नाहीये, अरे हे बिघडलंय का रे," आणि हा मोबाईल धरून शूटिंग करतोय आणि मामी तोंडावर पदर धरून हसतायत.

मी स्क्रीनकडे बघितलं. अँटेना नाही. याने गाडी निवडायच्या स्क्रीनवर तिचं स्मार्ट स्टेअरिंग बंद केलं होतं, टिल्ट पण बंद केलं होतं, आणि ऑटो अ‍ॅक्सलरेट तेवढं चालू ठेवलं होतं. कळतंय का काय केलंय ते? गाडी फुल स्पीडनं आपोआप पळणार, हात वळवले तरी वळणार नाही, आणि कडेला आत ओढणारं काही नाही. तिला न सांगता. मुद्दाम. मजा म्हणून. ती बारावी आली आणि तिला वाटलं आपलंच चुकतंय. जॉयकॉन टीपॉयवर ठेवून म्हणाली, "मला नाही बाबा जमत, तुम्हीच खेळा," आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. त्याच्यासाठी.

मी त्याला विचारलं तर म्हणतो, "अगं ताई, जोक होता, आणि खरं तर तिला शिकू दे ना, किती दिवस कुबड्या घेऊन खेळणार." कुबड्या! मामाच्या वाड्यात आम्ही क्रिकेट खेळायचो तेव्हा हाच सगळ्यात लहान होता. याला पहिला बॉल ट्रायबॉल असायचा. दादा याला हळू, हातातून सोडल्यासारखा बॉल टाकायचा, बोल्ड झाला तरी "नो बॉल होता" म्हणायचो आम्ही सगळे, आणि हा बॅट खांद्यावर टाकून परत उभा राहायचा. आणि आत्या म्हणजे माझी आई ओट्यावरून ओरडायची, "त्याला आउट देऊ नका रे, लहान आहे तो." किती वर्षं चाललं हे! तेव्हा कुणी याला कुबड्या म्हणालं नाही. त्या माणसाला त्याच बाईची एक अँटेना सहन झाली नाही.

आणि तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली आत्या फर्स्ट टाइम रेनबो रोड असं लिहून हसण्याचे इमोजी. त्रेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. काकांनी पण हसण्याचा इमोजी टाकला, कुणाला काय माहीत आत काय झालंय. आई ग्रुप बघते. रोज सकाळी चहा पिताना बघते.

दादा म्हणतो सोड, तो गेला ना आता. मी नाही सोडणार. आता गेले चार दिवस रात्री नऊ वाजता पोरगी विचारते, "आजी, रेस?" आणि आई म्हणते, "नको गं, डोळे दुखतात." मी परवा तिला नवीन चष्मा करून आणलाय, डोळ्यांना काहीही झालेलं नाही तिच्या. काल मी स्वतः सगळं लावून दिलं, १०० सीसी, अँटेना, टिल्ट, मारुतीराया, सगळं तिच्या समोर दाखवून दिलं की बघ हे बंद होतं म्हणून पडत होतीस, तुझी चूक नव्हती. तिनं ऐकून घेतलं. "असू दे गं, लहान आहे तो," एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

एकोणतीस वर्षांचा आहे तो.

हे तू वाचशील हे मला माहितीये. पुढच्या भाऊबीजेला ये, ओवाळून घे, अनारसे खा, पण आमच्या घरात कंट्रोलर तुझ्या हातात शेवटी येईल, पोरीचं आणि आईचं खेळून झाल्यावर, आणि सेटिंगला हात लावायचा नाही. ते पुढच्या वर्षीचं. आत्ता तो व्हिडिओ ग्रुपवर तसाच आहे, तो काढ, आणि आईला फोन करून स्वतःच्या तोंडानं सांग की बटण तू बंद केलं होतंस.