सोसायटीची बाग राखण्याच्या काही युक्त्या

उन्हाळा सरत आलाय, बागेकडे बघायला हवं. तुम्ही नुकतेच कमिटीवर 'बिनविरोध' आला असाल (म्हणजे एजीएमला दुसऱ्या कुणी हात वर केला नसेल), तर आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी लॉन. लॉन म्हणजे सोसायटीची इज्जत. घरात नळाला पाणी सकाळी पाऊण तास, लॉनला मात्र दोन्ही वेळ. आमचं लॉन चार हजार चौरस फूट. रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी साडेअठराशे लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर आठवडाभरसुद्धा पुरत नाही. टँकरचं बिल 'किरकोळ खर्चा'त टाका, कुणी विचारत नाही.

लॉनवर पाटी हवीच: 'गवतावर चालू नये'. मुलांनी पार्किंगमध्ये खेळावं. तिथं 'खेळू नये'ची पाटी असेलच.

पाऊस सुरू झाला तरी स्प्रिंकलर बंद करू नका. टायमर कसा बदलायचा हे ज्याला माहीत होतं, तो माळी गेल्या वर्षी सोडून गेला.

पाला गोळा करून मागच्या भिंतीशी पेटवा. घनकचरा नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळता येत नाही, म्हणून रात्री पेटवा. सकाळी नर्सरीतून खताच्या गोण्या विकत मागवा.

झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवा. मुळं गुदमरून पाच-सहा वर्षांत झाड कलंडलं, की 'धोकादायक होतंच' म्हणायला आपण मोकळे.

आता छाटणी. पावसाळ्याआधी वाळक्या, वाकलेल्या फांद्या काढाव्यात, हे खरंच शहाणपणाचं. पण कुठली फांदी धोकादायक हे ठरवायला वर मान करून बघावं लागतं. त्यापेक्षा बुंधा सोपा. आमच्या दोन नंबर गेटशी बहावा होता. मे महिन्याचा पहिला आठवडा, पान दिसत नव्हतं इतका फुललेला. बी विंगची तक्रार होती की पाकळ्या गाडीच्या काचेवर पडतात, वायपरमध्ये अडकतात. पडणारच. झाड आहे, झुंबर नाही. रविवारी सकाळी मशीनची करवत घेऊन माणसं आली. मी दूध आणायला खाली उतरलो होतो. त्यातला एक पोरगा वर बघत म्हणाला, "साहेब, फुलावर आहे, पंधरा दिवस थांबायचं का?" साहेब म्हणाले, "मशीनचं भाडं दिलंय, आजच उरका." सगळा कार्यक्रम चहा थंड व्हायच्या आत आटोपला. कापल्या जागी बघितलं: कडेला पांढरट, आत विटकरी, टणक गाभा. कीड नाही, पोकळी नाही, काही नाही. वृक्षतोडीसाठी १९७५चा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे मी विचारलं. तर म्हणे परवानगी छाटणीची घेतली होती. बरोबर आहे. छाटलं, फक्त जमिनीपासून दीड फुटावर.

बास, पुढच्या युक्त्या मला सुचत नाहीत. अहो, वयस्कर माणसं दुपारी तिथं बसायची, इस्त्रीवाला टेबल त्याच सावलीत लावायचा. एका माणसानं तरी कमिटीत 'नको' म्हणायचं होतं! आणि तुम्ही बाकीचे, गॅलरीतून व्हिडिओ काढत होतात, खाली उतरला नाहीत. ग्रुपवर रडका चेहरा टाकलात आणि नाश्त्याला बसलात. मीही दुधाची पिशवी हातात धरून उभाच होतो म्हणा, मी कोण बोलणार.

परवा त्याच बी विंगचा अर्ज आलाय: गाड्या उन्हात तापतात, दोन नंबर गेटशी पत्र्याची शेड घाला, खर्च सर्वांच्या मेंटेनन्समधून. माझ्या हिश्शाचे पैसे मागायला या. दार मीच उघडेन.