पाणी टाका, पाणी टाका!

खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यांदा बॉनेट उघडून उभा राहिलो आणि डोकंच फिरलं. जुनी गाडी, तापमानाचा काटा लाल रेघेवर, आणि थांबणारा प्रत्येक जण एकच सांगतो: पाणी टाका! अहो, किती टाकू? त्या बोअरच्या जड पाण्यानंच तर वाट लावली. इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर उतरवला तर आत पाणी तापवायच्या पातेल्याला धरतो तसा पांढरा थर, निम्म्या नळ्यांतून फुंकही जाईना.

एक मेकॅनिक म्हणे, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेका, आपल्याकडे लागत नाही. लागत नाही? मग बसवला कशाला? दुसरा पंखा डायरेक्ट करायला, म्हणजे स्विच वगळून कायम चालू ठेवायला निघाला. रेडिएटरचं झाकण मात्र एकानंही बघितलं नाही! रबर कडक होऊन चिरलेलं. ०.९ बारचं झाकण दाब धरतं, म्हणून साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाबच राहिला नाही तर घाटात दुसरं काय होणार?

नवा रेडिएटर मागितला की दुकानदार ‘बसतो हो, सगळ्यांना बसतो’ म्हणत प्लॅस्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियमवाला पुढे सरकवतो. कोअर (मधला जाळीचा भाग) किती जाड, होजची म्हणजे रबरी नळ्यांची तोंडं कुठे, पंख्याच्या स्विचला जागा आहे का, एवढं विचारलं की कपाळाला आठ्या! मला तांब्या-पितळेचाच हवा. गळला तर डाग देता येतो. प्लॅस्टिकची टाकी तडकली की काय करू, फेविक्विक लावू? तीन दुकानं झाली. उद्या चौथं.