भिजत घोंगडं, वेस्टमिन्स्टर पद्धतीचं

आज, 4 एप्रिल 2019 ला, दुपारी ब्रिटनच्या संसदेत छत गळलं. खरंच गळलं. हाउस ऑफ कॉमन्समध्ये कराच्या कसल्याशा विषयावर चर्चा चालली होती आणि पत्रकारांच्या गॅलरीत वरून धो धो पाणी यायला लागलं. कामकाज थांबवलं, मंडळी घरी. मग खुलासा आला की हे सांडपाणी नाही. बरं झालं सांगितलंत बाबांनो. गेले तीन महिने त्या सभागृहातून जे काही वाहतंय ते बघता लोकांना शंका आलीच असती.

दुपारी ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. आत्ता रात्री मला अजिबात हसू येत नाहीये. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे सरका.

संध्याकाळी आमची पोलिश शेजारीण पासपोर्ट घेऊन आली. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, इथे राहायचं तर युरोपियन लोकांनी ‘सेटल्ड स्टेटस’साठी अर्ज करायचा आहे. गेल्या शनिवारपासून तो सगळ्यांना खुला झालाय. आधी त्याला 65 पाउंड फी होती, जानेवारीत आमच्या पंतप्रधान तेरेसाबाईंनी माफ केली, केवढे उपकार. पण सरकारी अ‍ॅप अजून, म्हणजे एप्रिल 2019 मध्ये, चालतं फक्त अँड्रॉइडवर आणि हिच्याकडे आयफोन. म्हणून माझा फोन, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्यावर.

आधी पासपोर्टच्या पानाचा फोटो. मग पासपोर्टवर फोन ठेवून आतली चिप वाचायची. वाचेना. फोनचं कव्हर काढलं, तरी वाचेना. फोन जरा वर, जरा खाली, आणि ती श्वास रोखून बसलेली. एकदाची वाचली. मग चेहरा स्कॅन करायचा, तेव्हा स्क्रीन रंगीबेरंगी लुकलुकते आणि आपण हलायचं नाही. पन्नाशीला आलेली बाई. पोलंड 2004 मध्ये युरोपियन युनियनमध्ये आला, त्यानंतर लगेचच ही इथे आली, तेव्हापासून वृद्धाश्रमात इथल्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढतेय. ती मला हसत विचारते, “फोटोत मी चांगली बाई दिसतेय ना?”

मी काय बोलणार. चहात आलं किसत बसले.

माझा मुलगा तिला मावशी म्हणतो. उगाच नाही म्हणत. 23 जून 2016, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताचा दिवस. लंडनच्या आसपास त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. मी तेव्हा व्हिसावर, पासपोर्ट भारताचा, इंग्लंडमधल्या बसचे नंबरही धड पाठ नव्हते. तरी मतदानाचं कार्ड मला घरपोच आलं, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर त्यांना मत असतं. आणि हिला मत नाही, कारण ही युरोपियन! आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाले सोडले तर बाकी युरोपला त्या सार्वमतात मतच नव्हतं. तसल्या पावसात लहान पोराला कुठे नेणार, म्हणून त्याला हिच्याकडे ठेवलं आणि आम्ही दोघं जवळच्या शाळेत जाऊन आलो. ना कोणी ओळखपत्र मागितलं, ना बोटाला शाई. दोरीला बांधलेली पेन्सिल आणि एक फुली. परत आलो तर हिने पोराला बटाट्याची धिरडी खाऊ घातलेली, वर आम्हालाही डबा भरून.

हिने या देशात राहायचं की नाही याचा कौल मी देऊन आले, आणि तेवढा वेळ माझं पोर सांभाळलं हिने. तीन वर्षं होत आली, अजून ते डोक्यातून जात नाही.

बरं, हरलो. 52 विरुद्ध 48. लंडनजवळच्या आमच्या स्लाउने तर 54 टक्के मतं ‘बाहेर पडा’ला दिली, त्या स्लाउने, जिथे बसस्टॉपवर पंजाबी, उर्दू आणि पोलिश ऐकल्याशिवाय इंग्रजी कानावर पडत नाही. लोकशाही आहे, मान्य. पण मग पडा ना बाहेर! किंवा पडू नका! काहीतरी एक करा!

गेल्या शुक्रवारी, 29 मार्चला, रात्री अकरा वाजता हे बाहेर पडणार होते. तारीख यांनीच ठरवलेली, कायद्यात यांनीच लिहिलेली. त्या दिवशी काय केलं? तेरेसा मे यांनी बाहेर पडण्यासाठी युरोपियन युनियनशी केलेला करार तिसऱ्यांदा पाडला. जानेवारीत 230 मतांनी, मार्चच्या मध्यावर 149 मतांनी आणि त्या शुक्रवारी 58 मतांनी. ‘करार मंजूर करा, मी खुर्ची सोडते’ असंही बाईंनी सांगून पाहिलं. तेवढ्यावर त्यांच्याच पक्षातल्या बोरिस जॉन्सन आणि रीस-मॉग या ब्रेक्झिटवाल्यांना अचानक तोच करार गोड लागायला लागला. इतके दिवस त्याच कराराला गुलामी म्हणत होते ना? पण त्यांच्या मागे उभे केलेले कडवे काही हलले नाहीत, आणि उत्तर आयर्लंडचे दहा जण, ज्यांच्या टेकूवर हे सरकार उभं आहे, तेही नाहीत.

करार नको, तर मग हवंय काय? 27 मार्चला खासदारांनी स्वतःच आठ पर्याय घेतले आणि आठही पाडले. या सोमवारी चार घेतले, चारही पाडले. कस्टम्स युनियन, म्हणजे युरोपशी जकात सामायिक ठेवायचा पर्याय, पडली तीन मतांनी. तीन! आणि इथे मला आपल्याच बाजूचा जास्त राग येतो. ज्यांना दुसरं सार्वमतच हवं होतं अशा काही रिमेनवाल्या, म्हणजे ‘युरोपात राहा’ म्हणणाऱ्या, खासदारांनी कस्टम्स युनियनला हात लावला नाही. का, तर तेवढ्यावर भागलं तर आपलं सार्वमत मागे पडेल. बरं, कराराशिवाय बाहेर पडायचं का? तर त्यालाही नाही. नुसता नन्नाचा पाढा.

आणि काल तर कहर झाला. पर्यायांवर आणखी एकदा मतदान घ्यायचं का, या प्रश्नावर 310 विरुद्ध 310. सभापती बर्को यांनी प्रथेप्रमाणे ‘नाही’च्या बाजूने मत टाकलं. अशी बरोबरी 1993 नंतर पहिल्यांदाच झाली, आणि तेव्हाही भांडण युरोपवरूनच होतं, मास्ट्रिक्ट करारावरून! मग रात्री उशिरा पंतप्रधानांना मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक कॉमन्समध्ये 313 विरुद्ध 312 ने पास झालं. म्हणजे आणखी वेळ मागायला तेवढं यांचं बहुमत आहे. एका मताचं.

नाशिकला आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत गच्चीच्या गळतीचा विषय दरवर्षी निघायचा. डांबर घालायला विरोध, पत्रे टाकायला विरोध, वर्गणी काढायला तर सगळ्यांचाच विरोध, आणि चहा-बिस्किटं झाली की सभा तहकूब. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका बिचारे बादल्या लावून झोपायचे. विरोध करणारे सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे, हे वेगळं सांगायला नको.

‘देशच दुभंगलाय, संसद तरी काय करणार’ हे वाक्य इथे टीव्हीवर रोज ऐकते. मला नाही पटत. देश दुभंगलेला असतो म्हणूनच खासदार निवडून द्यायचे असतात ना? एकमत असतं तर या साडेसहाशे जणांना पगार कशाला द्यायचा? प्रत्येकाला आपल्या मनातलं शंभर टक्के हवंय. दुसऱ्या पसंतीला हो म्हटलं तर आपल्या मतदारसंघात तोंड कसं दाखवू, ही भीती. म्हणून समोरचा आधी थकेल याची सगळे वाट बघतायत. बघा की. तुम्हाला वाट बघायला काय होतंय? ज्यांना मतच नव्हतं ते शेजारणीच्या फोनवर स्वतःचा चेहरा स्कॅन करतायत. पुढच्या शुक्रवारी, 12 तारखेला, कराराशिवाय कडेलोट होतो की मुदत मिळते, हे आज गुरुवारी रात्री या देशात एकही माणूस छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हो, ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपियन युनियनमधलं आयर्लंड यांच्यातल्या सीमेचा प्रश्न खरा आहे. 1998 च्या शांतता करारानंतर तिथे जी शांतता आली ती कोणाला मोडायची नाही, तिथे पुन्हा चौक्या नकोत, हे कळतं मला. पण हा प्रश्न सार्वमताच्या आधी कुणाला दिसला नव्हता का? तयारी तरी काय केली, तर जादा फेरीबोटींचं कंत्राट अशा कंपनीला दिलं जिच्याकडे एकही जहाज नव्हतं! ट्रॅफिक जॅमची रंगीत तालीम म्हणून केंटमधल्या जुन्या विमानतळावर ट्रक गोळा केले, ते आले 89. आपल्याकडे पालखीच्या दिवसात दिवे घाटात यापेक्षा बरं नियोजन असतं.

आता जरा आपल्या मंडळींकडे वळते. राग येईल, येऊ दे.

आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा ‘लीव्ह’ला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं ते मला माहीत आहे. पोलिश, रोमेनियन लोक कमी झाले की आपल्या भाच्या-पुतण्यांना व्हिसा मिळतील, हा हिशेब. भारतीय वंशाच्या खासदार प्रीती पटेल यांनी तर ‘करी हाउस वाचवा’ म्हणून मोहीमच काढली होती, युरोपातून माणसं येणं थांबलं की आपल्याकडून आचारी आणता येतील म्हणून. कुठे आहेत ते आचारी? आले का कुणाचे भाचे? शेजाऱ्याला हाकललं की त्याची खोली आपल्याला मिळते, असा विचार करणाऱ्या माणसाला मी काय सांगू. सणाला घरी येता, वरण-भात खाता, म्हणून आजवर गप्प बसले.

युरोपने आपला आंबा अडवला होता, हे काका कॉमेंटमध्ये काढतात ते मान्य करते. मे 2014 मध्ये ब्रसेल्सने हापूस बंद केला, फळमाशी सापडली म्हणून, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. त्या वर्षी गणपतीत अळूच्या फतफत्यावाचून काय हाल झाले ते मलाही आठवतंय. चिडले होते मीही. पण आंबा जानेवारी 2015 मध्ये सुटला ना? एका सीझनच्या पेटीसाठी कोणी देश मोडतं का?

आणि ब्रेक्झिटनंतर मिळणारा ब्रिटनचा निळा पासपोर्ट! केवढं कौतुक त्या निळ्या रंगाचं. त्याचं छपाईचं काम गेलं फ्रेंच-डच कंपनीला, हा भाग वेगळा. पण अहो, निळा पासपोर्ट माझ्याकडे जन्मापासूनचा आहे. पॅरिसला चार दिवस जायचं तर बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, हॉटेलचं बुकिंग, सगळं फाइलला लावून युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभं राहते मी. या, स्वागत आहे, माझ्या मागे उभे राहा.

लिहिता लिहिता राग जरा खाली आलाय. एक कबूल केलं पाहिजे. गोंधळात, आवाजी मतदानाने, कुणाला काही कळायच्या आत कायदे पास होताना आपण आपल्याकडे बघितलेत. इथे निदान एकेक खासदार दारातून चालत जातो आणि त्याचं डोकं मोजलं जातं. जानेवारीत खासदार ट्युलिप सिद्दीक यांनी सिझेरियन दोन दिवस पुढे ढकललं आणि व्हीलचेअरवरून मत द्यायला आल्या. ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. एवढ्या त्रासाने दिलेलं मतही शेवटी ‘नाही’च्याच ढिगात गेलं, त्याला त्या बाईचा इलाज नव्हता. तिला मतदान आधी होईल की बाळ, हे ठरवायला लावणारी संसद मात्र तीच, जी तारीख पुढे ढकलण्यात इतकी पटाईत आहे.

शेजारणीचा अर्ज शेवटी गेला. नॅशनल इन्शुरन्सचा नंबर टाकला, इतक्या वर्षांचा टॅक्स सरकारदरबारी दिसतोच आहे. मंजूर झाला की हातात कार्डबिर्ड काही मिळणार नाही, सगळं ऑनलाइन. उद्या घरमालकाने पुरावा मागितला तर काय दाखवायचं, असं तिने मला विचारलं. मला! जणू मीच सरकार. खरं तर हा प्रश्न आमच्या खासदारांना विचारायला हवा. मी फेब्रुवारीत त्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, छान जाड कागदावर, की आपल्या भावना समजल्या. अर्जाचा एक शब्द नाही त्यात. उद्या दुसरं पत्र टाकतेय आणि या वेळी प्रश्नांना आकडे घालून देतेय, म्हणजे भावना समजून घ्यायची गरज पडणार नाही.

तुमच्याकडे पुढच्या गुरुवारी विदर्भापासून लोकसभेचं मतदान सुरू होतंय, तुम्ही तुमच्या गडबडीत. तरी इथे स्लाउ, हॅरो, हाउन्सलोला असलेल्यांनी एक करा. तुमच्या गल्लीत कुणी पोलिश, पोर्तुगीज, रोमेनियन असेल आणि त्याच्याकडे आयफोन असेल, तर आपला अँड्रॉइड घेऊन दार वाजवा. चिप वाचत नसेल तर कव्हर काढा आणि फोन पासपोर्टवर सावकाश सरकवत राहा, लागते कधीतरी.

आणि काका, कॉमेंटमध्ये परत आंब्याचं काढू नका. वर उत्तर दिलंय.